थंडीत बाहेर ठेवलेली गॅसची हंडी का ढेपाळते आणि तिला चालू कसं ठेवायचं

डिसेंबर अर्धा सरला की आपल्या खान्देशात पहाटेचा पारा एकदम खाली येतो, धुळ्यात तर काही वर्षी ५-६ अंशांपर्यंत गेलेला आपण पेपरात वाचतो, आणि तिकडे सातपुड्यात तोरणमाळ, डाबच्या बाजूला गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं. नेमकं याच दिवसांत घरोघरी एकच तक्रार सुरू होते, की गीझर पेटतो बरोबर, पहिली आंघोळ मस्त होते, दुसरी पण होते, तिसऱ्याला पाणी कोमट यायला लागतं आणि चौथा माणूस साबण लावून बसलेला असताना ज्योत विझते. मागच्या बाजूला जाऊन हंडी हलवून बघावी तर आत खळखळ वाजतंय, म्हणजे गॅस आहे. मग कोणी म्हणतं गॅस गोठला, कोणी म्हणतं टाकीत पाणी भरून देतात, कोणी म्हणतं रेग्युलेटर गेला.

बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. हंडीला बाहेरून जेवढी ऊब मिळायला पाहिजे तेवढी मिळत नाही, एवढंच झालेलं असतं, आणि हे एकदा नीट समजलं ना की काय करायचं आणि काय चुकूनही करायचं नाही हे दोन्ही आपोआप कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण थंडीच्या दिवसांत लोक हंडीसोबत जे प्रयोग करतात ते बघून खरंच भीती वाटते.

आधी आत काय असतं ते बघू. आपला लाल घरगुती सिलेंडर म्हणजे १४.२ किलो एलपीजी, आणि एलपीजी म्हणजे मुख्यतः दोन गॅसचं मिश्रण, प्रोपेन आणि ब्यूटेन. दोघांचं प्रमाण दरवेळी अगदी सारखं नसतं पण आपल्याकडच्या घरगुती गॅसमध्ये सहसा ब्यूटेनचा वाटा मोठा असतो. हंडीत हे मिश्रण दाबाखाली द्रव होऊन बसलेलं असतं, तीच ती खळखळ, आणि द्रवाच्या वर जी रिकामी जागा असते तिथे त्याची वाफ जमा होते. शेगडीला जाते ती ही वरची वाफ. तुम्ही बटण फिरवलं, थोडी वाफ निघून गेली, दाब किंचित उतरला, की खालचा द्रव लगेच उकळून नवी वाफ तयार करतो. म्हणजे गॅस चालू असताना हंडीच्या आत सतत उकळणं चालू असतं, फक्त ते गरम नसतं, थंड असतं.

आता हे दोघं किती अंशाला उकळतात ते बघा. उघड्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, म्हणजे खान्देशातली थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. ब्यूटेन मात्र उणे अर्धा अंशाला उकळतो, म्हणजे जवळजवळ पाणी गोठतं त्याच ठिकाणी. ब्यूटेनचाच एक भाऊ आयसोब्यूटेन म्हणून असतो तो उणे पावणेबाराच्या आसपास. म्हणजे हंडीतला द्रव शून्याच्या खाली गेला की त्यातला साधा ब्यूटेन बाहेर यायला फारसा तयार होत नाही, बराचसा नुसता बसून राहतो. गोठत नाही बरं का, गोठायला उणे १३८ अंश लागतात, ते आपल्याकडे सोडा, पृथ्वीवर कुठेच होत नाही. त्याची फक्त पुरेशी वाफ होत नाही.

तुम्ही म्हणाल आपल्याकडे शून्याच्या खाली पारा जातो कुठे? हवेचा नाही जात. हंडीचा जातो.

माठातलं पाणी का गार होतं ते आपल्याला माहितीये, बाहेरच्या अंगाने पाणी झिरपून वाफ होतं आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हंडीत अगदी तेच चालू असतं. एक किलो द्रव एलपीजीची वाफ व्हायला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती उष्णता आधी त्या द्रवातूनच आणि पत्र्यातूनच ओढली जाते, त्यामुळे हंडी गार पडते, ती हवेपेक्षा गार झाली की मग हवेतली ऊब पत्र्यातून आत शिरायला लागते. जेवढी ऊब आत येते तेवढीच वाफ कायम तयार होत राहू शकते.

स्वयंपाकघरातला एक मोठा बर्नर फुल्ल चालला तर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस खातो. त्याला लागणारी ऊब म्हणजे साधारण २० वॉट, काहीच नाही, हंडी हवेपेक्षा चार-पाच अंश गार पडते आणि तिथेच स्थिरावते. म्हणून घरातल्या शेगडीला थंडीत सहसा काही होत नाही. पण गॅस गीझर हा वेगळा प्राणी आहे, साधा ६ लिटरवाला गीझर फुल्लवर तासाला पाऊण ते एक किलोच्या घरात गॅस खातो, म्हणजे बर्नरच्या पाचपट. त्याला ८०-९० वॉट ऊब पाहिजे, सतत. उघड्यावरची हंडी एवढी ऊब हवेतून ओढायला हवेपेक्षा साधारण १५-२० अंश गार व्हावी लागते. दुपारी २८ अंश हवा असेल तर हंडी १०च्या आसपास येईल, काही बिघडत नाही. पण पहाटे सहाला हवाच ८ अंश आहे, तर हंडी कुठे जाईल तुम्हीच वजाबाकी करा. लगेच नाही जात, तिच्या अंगात आधीची थोडी ऊब असते, ती संपेपर्यंत दोन-तीन आंघोळी होऊन जातात. तिसऱ्या-चौथ्याचा नंबर का लागतो ते हे असं.

आणि हंडी जितकी रिकामी तितकं हे लवकर होतं. गीझर अर्धा तास चालला आणि हवेकडून काहीच ऊब आली नाही असं धरलं तर अर्ध्या भरलेल्या हंडीचं तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरेल, पण आत ३ किलोच उरला असेल तर तेवढ्याच वेळात १०-११ अंशांनी. कारण साधं आहे, ऊब साठवून ठेवायला आत मालच कमी आहे. शिवाय द्रव पत्र्याच्या जेवढ्या भागाला टेकलेला असतो तिथूनच त्याला ऊब जोरात मिळते, आणि द्रव कमी झाला की टेकलेला भाग पण कमी होतो. हंडीवर बाहेरून दवाचा ओला पट्टा दिसतो ना सकाळी वापरताना, तो साधारण जिथपर्यंत आहे तिथपर्यंत आत द्रव आहे. कधी बारीक पांढरा बर्फ पण धरतो त्याच पट्ट्यावर. तो हंडी खराब झाल्याचा नाही, तिच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त गॅस मागितला जातोय याचा इशारा आहे.

अजून एक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही. प्रोपेन आणि ब्यूटेन दोघं एकत्र असले तरी वाफ होताना प्रोपेन पुढे पळतो. म्हणजे हंडी नवी असताना निघणाऱ्या वाफेत प्रोपेनचा वाटा जास्त असतो आणि हंडी संपत येते तसा मागे उरतो तो बहुतेक ब्यूटेनच. त्यामुळे भरलेली हंडी पहाटेच्या थंडीत पण नीट चालते आणि तीच हंडी महिनाभराने, तितक्याच थंडीत, रडायला लागते. तुमच्या लक्षात आलं असेल, हंडी संपत आली की वास पण जास्त येतो, त्यामागेही हेच आहे, वासासाठी जे इथाइल मरकॅप्टन घालतात ते ३५ अंशाला उकळतं, त्यामुळे ते शेवटपर्यंत द्रवातच मागे राहतं आणि शेवटी दाट होऊन बाहेर येतं.

बाहेरच्या थंड देशांत हा प्रश्न त्यांनी गॅस वेगळा करूनच सोडवलाय. फ्रान्समध्ये घरात ठेवायला ब्यूटेनची बाटली आणि बाहेर अंगणात ठेवायला प्रोपेनची, असे दोन वेगळे प्रकार मिळतात. आपल्याकडे घरगुतीमध्ये तसा चॉइस नाही, आणि आपल्या थंडीला त्याची गरज पण नाही, थोडी अक्कल वापरली तर आहे त्याच हंडीत काम भागतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. हंडीला गोधडी, बारदान, जुनं स्वेटर गुंडाळणं. गावोगाव बघितलंय हे, अगदी प्रेमाने गुंडाळलेलं असतं, माणसाला थंडी वाजते तशी हंडीला वाजते या भावनेने. पण माणसाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत असते म्हणून गोधडी कामाची, हंडीच्या अंगात ऊब तयार होत नाही, उलट तिला बाहेरून घ्यायची असते. हंडी चालू असताना ती हवेपेक्षा गार असते, म्हणजे ती ८ अंशाची पहाटेची हवा सुद्धा तिच्यासाठी गरमच आहे, आणि तुम्ही गोधडी लावून नेमकी तीच ऊब अडवता. गुंडाळलेली हंडी उघड्या हंडीपेक्षा लवकर गळपटते. कोणी म्हणेल रात्रभर तरी ऊब धरून ठेवेल ना, तर संध्याकाळची ऊब गोधडीत काही तास टिकते, पहाटेपर्यंत फार फरक उरत नाही. ज्याला रात्री झाकायचीच आहे त्याने झाका, पण सकाळी गीझर लावायच्या आधी काढा.

वाऱ्याचं पण तसंच. उत्तरेचं गार वारं लागतं म्हणून हंडी कोपऱ्यात दडवतात, चारही बाजूंनी प्लायवूड ठोकतात, लोखंडी पेटीत बंद करतात. वाऱ्याने हंडी हवेपेक्षा जास्त गार होत नाही, उलट चालू असताना वारं तिला सतत नवी हवा देतं, म्हणजे नवी ऊब देतं. वाऱ्यापासून जपायची ती शेगडीची ज्योत. शिवाय बंद पेटीत गळती झाली तर गॅस तिथेच साचतो, एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड आहे, तो वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जातो, मोरीत, गटाराच्या चेंबरमध्ये, जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसतो. बाहेर हंडी ठेवताना चोरीच्या भीतीने जाळीचा पिंजरा करायचा तर करा, पण जाळीचाच, आणि खालून वरून मोकळा. आणि शेजारी चेंबर किंवा मोरीचं तोंड नको.

मग करायचं काय?

पहिली आणि सगळ्यात फुकटची गोष्ट, हिवाळ्यात गीझरला कायम भरलेली हंडी लावा आणि अर्धी झाली की ती स्वयंपाकघरात आणा, आणि बाहेर नवी भरलेली लावा. दोन हंड्या असणाऱ्या प्रत्येक घराला हे जमतं. घरात हवा बाहेरपेक्षा उबदार असते, शेगडी गॅस कमी मागते, त्यामुळे जो शेवटचा ब्यूटेन बाहेर बसून राहिला असता तो घरात शांतपणे जळून जातो. माझ्या मते एवढं एक केलं तरी निम्म्याहून जास्त तक्रारी बंद होतील. फक्त बदलताना रेग्युलेटर बंद करून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, जवळ दिवा-उदबत्ती नसताना बदला आणि काढलेल्या हंडीला कॅप लावा, ती दोरीला लटकलेली पांढरी टोपी शोभेची नाहीये.

दुसरी गोष्ट ऊन. हिवाळ्यात हंडी पूर्वेच्या बाजूला अशी ठेवा की उगवतीचं ऊन तिच्या अंगावर पडेल. सकाळचं कोवळं ऊन सुद्धा तिला ४०-५० वॉट देऊन जातं, म्हणजे गीझरला लागणाऱ्या उबेच्या निम्मं. घरात आंघोळी पहाटे पाचपासून चालू होत असतील तर उन्हाचा उपयोग नाही हे खरं, पण ज्यांना जमतं त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या, लहान पोरांच्या आंघोळी आठ-साडेआठला केल्या तर त्यांनाही बरं आणि हंडीलाही बरं. मात्र मार्च लागला की तीच हंडी सावलीत घ्यायची. भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं ऊन आणि डिसेंबरचं ऊन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हंडी काही एका जागी पुरून ठेवायची वस्तू नाही.

तिसरी गोष्ट बोअरचं पाणी. आपल्याकडे थंडीत पहाटे बोअर किंवा विहीर चालू केली की पाण्यातून वाफा निघताना दिसतात, कारण जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण सारखंच राहतं, २५ अंशांच्या आसपास. बाहेर हवा ८ अंश, हंडी शून्याजवळ, आणि हे पाणी २५, म्हणजे हंडीसाठी ते चांगलंच गरम झालं. ज्योत मंदावली की असं ताजं उपसलेलं बादलीभर पाणी तांब्याने हळूहळू हंडीच्या पोटावर, जिथे दवाचा पट्टा दिसतो तिथे सोडायचं. वरच्या रेग्युलेटरवर, व्हॉल्व्हवर पाणी जाऊ द्यायचं नाही. पाचेक मिनिटांत फरक कळतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चालणार नाही, ते रात्रभर गार झालेलं असतं. आणि काम झालं की फडक्याने पुसून काढायचं, विशेष करून खालची कडी, कारण एक तर तिथे गंज धरतो आणि दुसरं म्हणजे अंगावरचं ओलं पाणी वाळताना पुन्हा हंडीचीच ऊब घेऊन जातं.

चौथी, मागणी कमी करा. गीझरला बहुतेक वेळा गॅसचं आणि पाण्याचं अशी दोन बटणं असतात, हिवाळ्यात लोक दोन्ही फुल्ल करतात आणि मग गरम पाण्यात गार मिसळतात. त्यापेक्षा पाण्याची धार बारीक करा, गॅस मध्यम ठेवा, बादली भरायला दोन मिनिटं जास्त लागतील पण हंडीवरचा ताण निम्मा होतो. दोन आंघोळींच्या मधे दहा मिनिटं थांबलं तरी हंडी हवेतून थोडी ऊब परत भरून घेते.

आता जे करायचं नाही ते, आणि इथे मी हात जोडून सांगतो.

हंडी शेकोटीजवळ आणायची नाही. चुलीशेजारी ठेवायची नाही. खाली निखारे, खाली दिवा, खाली हीटर, बाजूला हॅलोजन, काहीही नाही. द्रव एलपीजी तापला की त्याचा दाब तर वाढतोच पण तो द्रव फुगतो पण, म्हणूनच कारखान्यात हंडी कधी काठोकाठ भरत नाहीत, वर साधारण १५ टक्के जागा सोडतात. आच लागली तर ती जागा भरून जाते आणि त्यानंतर जो दाब वाढतो त्याला पत्रा पुरत नाही. आणि आच एका बाजूने लागली की जिथे आत द्रव नाही, नुसती वाफ आहे, तिथला पत्रा भराभर तापून मऊ पडतो. मळ्यात शेकोटी पेटलेली असते, बाजूला चहाला शेगडी लावलेली असते, बोलता बोलता हंडी सरकत सरकत शेकोटीकडे येते, हे फार सहज होतं, त्यामुळे जागा आधीच ठरवून ठेवा.

उकळतं पाणी ओतायचं नाही. वरची बोअरची युक्ती ऐकून कोणाला वाटेल की कोमटाने फरक पडतो तर कढताने जास्त पडेल, तर नाही. ज्या पाण्यात हात आरामात राहतो त्याच्यापेक्षा गरम पाणी हंडीला लावायचं नाही, आणि खरं तर बोअरच्या पाण्याच्या पुढे जायची गरजच नसते. पाण्याच्या टबात हंडी बुडवून ठेवणं पण नको.

हंडी आडवी करायची नाही, उलटी तर नाहीच नाही. "आडवी केली की शेवटचा गॅस येतो" हे मी खूप ठिकाणी ऐकलंय आणि येतो पण खरंच, पण कसा येतो ते समजून घ्या. आडवी केली की वरच्या तोंडाशी वाफेच्या जागी द्रव येऊ शकतो, तो द्रव नळीत शिरतो, आणि एक लिटर द्रव बाहेर आला की त्याचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो. रेग्युलेटर वाफेसाठी बनवलाय, द्रवासाठी नाही. ज्योत एकदम हातभर उसळते आणि समोर वाकून बसलेली बाई किंवा पोरगं असतं. हंडी कायम उभी, बस.

हे झालं हंडीचं, पण दरवेळी दोष थंडीचाच असतो असं नाही, तर ते ओळखायचं कसं. ज्योत सुरुवातीला जोरात असेल आणि दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू उतरत असेल, बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा जोरात येत असेल, तर ती थंडी. सुरुवातीपासूनच बारीक असेल आणि दुपारच्या उन्हात पण बारीकच राहत असेल तर थंडीचा संबंध नाही, नळी कुठे दबली आहे का बघा, बर्नरची भोकं तुंबली आहेत का बघा, नाहीतर रेग्युलेटर बदलून घ्या. ज्योत पिवळी येऊन भांडी काळी होत असतील तर तिथे हवा कमी मिसळतेय, ते मेकॅनिकचं काम.

थंडीत रबर पण कडक होतं, हे लक्षात ठेवा. हंडीच्या व्हॉल्व्हमध्ये आत एक छोटा रबरी वायसर असतो, तो जुना असेल तर थंडीत आखडतो आणि रेग्युलेटर लावला तरी बाजूने बारीक गळती चालू राहते. त्यात घरात सगळ्यांना सर्दी, नाक बंद, वास येणार कोणाला? म्हणून हिवाळ्यात हंडी बदलली की दरवेळी साबणाचं पाणी करून जोडावर लावायचं, बुडबुडे आले तर गळती, रेग्युलेटर काढून हंडीला कॅप लावून मोकळ्यावर ठेवायची आणि १९०६ ला फोन करायचा, हा नंबर चोवीस तास चालू असतो. काडी पेटवून गळती तपासणारी माणसं अजून आहेत, त्यांना तुम्ही थांबवा. नळी ती केशरी सुरक्षा नळीच वापरा आणि तिच्यावर छापलेली तारीख उलटली की बदला, बाहेर उन्हात असलेली नळी तर त्याआधी पण तडकते, वाकवून बघितली की बारीक भेगा दिसतात.

गीझरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट हंडीपेक्षाही महत्त्वाची. हंडी बाहेर आणि गीझर न्हाणीत आत, आणि थंडी वाजते म्हणून खिडकी-झरोका सगळं बंद, हे जिवावरचं आहे. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, मरकॅप्टनचा वास फक्त न जळलेल्या गॅसला असतो. आंघोळ करता करता माणूस गुंगीत जातो आणि बाहेरच्यांना कळत पण नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गीझर बाहेरच्या भिंतीला बसवा आणि आत फक्त पाण्याची नळी घ्या. हंडीप्रमाणे गीझर पण बाहेरच बरा.

मार्गशीर्षात आपल्याकडे भरीत पार्ट्यांचा जोर असतो, चंपाषष्ठीपासून तर मळ्यामळ्यात धूर. वांगी भाजतात कपाशीच्या काड्यांवर, तिथे गॅसचा संबंध नाही, पण पुऱ्या तळायला आणि फोडणीला मोठी भट्टी गॅसवर लावतात, आणि पन्नास-साठ माणसांच्या पुऱ्या म्हणजे ती भट्टी दीड-दोन तास फुल्ल. मोठी भट्टी गीझरपेक्षाही जास्त गॅस मागते, संध्याकाळी सातनंतर मळ्यातली हवा गार, मग हंडीला पांढरा बर्फ धरतो आणि तेल तापतच नाही, पुऱ्या तेल पितात. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी रात्री भजी-जिलेबीच्या दुकानांवर पण हेच होतं. तिथे उपाय एकच, हंड्या दोन. दोन हंड्यांवर मागणी वाटली गेली की प्रत्येकीवर निम्माच ताण येतो आणि दोघी निम्म्याच गार पडतात. पण हे जोडकाम टी लावून, जुगाड करून करायचं नाही, केटरिंगवाल्यांकडे त्याची तयार जोडणी असते, तीच वापरायची, आणि ती १९ किलोच्या कमर्शियल हंड्यांवर. घरगुती लाल हंडी धंद्यासाठी वापरणं कायद्याने चालत नाही. जोडणी नसेल तर दुसरी भरलेली हंडी बाजूला ठेवा आणि पहिली गळपटली की बदला, पहिली तासाभरात पुन्हा माणसात येते.

नवीन त्या हलक्या कंपोझिट हंड्या निघाल्यात, फायबरच्या, ज्यातून आतली पातळी दिसते. उचलायला फार सोप्या, गंजत नाहीत, घरातल्या बायकांना त्या आवडतात आणि बरोबरच आहे. पण थंडीत बाहेर गीझरला लावायला मी त्या सुचवणार नाही, कारण त्यांची भिंत लोखंडासारखी ऊब आत सोडत नाही, गोधडी जणू अंगातच शिवलेली. स्वयंपाकघरात ठेवा, छान चालतात.

आणि शेवटचं काम पैशाचं. थंडीत "संपली" म्हणून परत दिलेल्या कितीतरी हंड्यांमध्ये किलो-दीड किलो ब्यूटेन बसलेला असतो आणि तो आपण गाडीवाल्याला तसाच परत देतो. हंडीच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर तिचं रिकामं वजन लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलोच्या आसपास, दरेक हंडीचं वेगळं. आपल्याकडे कापूस मोजायचा लटकता काटा बऱ्याच घरात असतो, त्याला हंडी टांगा, आलेल्या वजनातून ते रिकामं वजन वजा करा, उरेल तेवढा गॅस आत आहे. नवी हंडी घेताना पण हेच करा, रिकाम्या वजनावर १४.२ किलो भरलं पाहिजे, कमी भरलं तर तिथेच गाडीवाल्याला दाखवा, वजन करून द्यायला त्याच्याकडे काटा असायलाच पाहिजे. त्याच पट्टीवर ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत आणि डी डिसेंबरपर्यंत, ती त्या हंडीच्या पुढच्या तपासणीची मुदत, उलटून गेली असेल तर ती हंडी घ्यायचीच नाही. काट्यावर अर्ध्या किलोपेक्षा जास्त गॅस दिसला तर हंडी परत देऊ नका, दुपारी घरात आणून शेगडीला लावा, दोन-तीन दिवसांचा चहा-नाश्ता त्यात आरामात निघतो.